खाडीत भराव पडताना दिसला तर: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी तक्रारीची क्रमवार पद्धत

कोलशेत, कळव्यापासून थेट दिवाळे-बेलापूरपर्यंत खाडीकाठी राहणाऱ्या कोणालाही रात्रीतून रिकामे होणारे डेब्रिजचे, म्हणजे बांधकामाच्या राडारोड्याचे, डंपर ही गोष्ट नवी नाही. त्याविरुद्ध तक्रारीही होतात, पण त्यांतील पुष्कळशा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतात. महसूल खाते म्हणते की कांदळवन, म्हणजे खाडीकाठची तिवरांची झाडी, वन विभागाचे आहे, वन विभाग म्हणतो की जमीन अजून आमच्या ताब्यात आलेली नाही, नवी मुंबई वसवणारे सिडको महामंडळ महापालिकेकडे पाठवते आणि महापालिका पुन्हा जिल्हाधिकाऱ्यांकडे. माझ्या मते यात कायद्याची उणीव फार थोडी आहे, उलट कायदे इतके आहेत की प्रत्येक कार्यालयाला दुसऱ्याचे नाव सांगण्याची सोय होते. म्हणून दोन प्रश्नांची उत्तरे तक्रारदारानेच तक्रारीत लिहून द्यावीत: ही जागा भरतीच्या पाण्याखाली येते का, आणि कागदोपत्री ती कोणाची आहे. एवढे झाले की टोलवाटोलवीला फारशी जागा उरत नाही.

मुळात हे पाणी आणि हा तळ कोणाचा

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा उच्च भरतीरेषेखालील तळ, तसेच नद्या, ओढे, नाले, तलाव यांचे तळ ही राज्य शासनाची मालमत्ता आहे; कोणाचा वैध हक्क आधीच सिद्ध असेल तर तेवढाच अपवाद. त्यामुळे ‘ही जागा मोकळी पडली आहे’ या युक्तिवादाला खाडीत अर्थ नाही. जमीन सिडकोने संपादित केलेली असो, मिठागराची असो किंवा खासगी सातबाऱ्यावरची असो, भरतीचे पाणी तेथे येत असेल तर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, बंधने मालकी न पाहता लागू होतात. पहिली सीआरझेड अधिसूचना १९९१ मध्ये निघाली, तिची जागा २०११ च्या आणि पुढे २०१९ च्या अधिसूचनेने घेतली. २०१९ ची अधिसूचना एखाद्या जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा तिच्यानुसार मंजूर झाल्यावरच तेथे लागू होते, म्हणून तक्रारीत अधिसूचनेचे वर्ष लिहिण्याआधी आपल्या जिल्ह्याचा आराखडा पाहून घ्यावा.

जिल्हा कोणता, हाही प्रश्न नवी मुंबईत वाटतो तितका सोपा नाही. ऐरोलीपासून सीबीडी बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, उलवे आणि उरण हे रायगड जिल्ह्यात. खाडीचा मुलुंड, भांडुप, विक्रोळीकडील काठ मुंबई उपनगर जिल्ह्याचा आहे. उलव्याचा भराव ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना कळवला तर तो अर्ज वर्ग होण्यातच काही आठवडे जातात.

पहिली पायरी: भरतीची साक्ष मिळवणे

या सबंध प्रक्रियेत सर्वांत अधिक वेळ येथे द्यावा, कारण पुढचे सारे यावर उभे राहते.

सीआरझेडची गणना उच्च भरतीरेषेपासून होते. समुद्रकिनाऱ्यावर ती रेषा डोळ्यांना दिसते, खाडीत ती चिखलातून, तिवरांमधून आणि नाल्यांच्या पोटातून आत शिरत जाते. येऊरच्या डोंगरातून उतरणारे ठाण्याचे नाले आणि नवी मुंबईतील पावसाळी नाले यांच्या खालच्या भागात भरतीचे पाणी चढते. सर्वांत कोरड्या हंगामात पाण्याची क्षारता हजारी ५ भागांपर्यंत जेथे आढळते, तेथवर भरतीचा प्रभाव धरला जातो. तेवढ्या लांबीचा नालाही सीआरझेडच्या कक्षेत येतो; पालिकेच्या नकाशावर त्याला ‘नाला’ म्हटले म्हणून तो त्यातून सुटत नाही.

भरतीची वेळ काढण्यासाठी भरतीचे वेळापत्रक पाहता येते, पण चेंदणी कोळीवाड्यातील किंवा दिवाळे गावातील जुना मच्छीमार ती तिथीवरून सांगतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. ही वेळ मुंबई बंदराजवळची. खाडीच्या आत, ठाण्याकडे, पाणी काहीसे उशिरा चढते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी. छायाचित्रे उधाणाच्या दिवशीच घ्यावीत आणि एकाच ठिकाणी उभे राहून दोन वेळा घ्यावीत, एकदा पाणी पूर्ण चढलेले असताना आणि एकदा ओहोटीला. भांगाच्या दिवशी काढलेल्या छायाचित्रात तीच जागा कोरडी दिसते आणि विरुद्ध पक्ष नेमके तेच छायाचित्र पुढे करतो.

त्यानंतर नकाशे पाहावेत. महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मंजूर आराखड्यांचे नकाशे उपलब्ध असतात. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर एखादा सर्व्हे क्रमांक शोधणे कठीण जाते, म्हणून स्थानिक पातळीचा १:४,००० प्रमाणाचा नकाशा असल्यास तो वापरावा. त्यावरून जागा कोणत्या वर्गात येते ते कळते: कांदळवन आणि तत्सम संवेदनशील भाग सीआरझेड-१ए मध्ये, भरती आणि ओहोटीच्या रेषांमधला पट्टा १बी मध्ये, विकसित नागरी भाग २ मध्ये आणि भरतीच्या प्रभावाखालचे खाडी-नदीचे पाणी ४बी मध्ये. जुन्या उपग्रह प्रतिमा पाहण्याची सोय असलेल्या नकाशा-ॲपवरून त्याच जागेच्या मागील वर्षांच्या प्रतिमा काढाव्यात. ‘तेथे कांदळवन कधीच नव्हते’ या दाव्याला यासारखे उत्तर नाही. सर्व्हे क्रमांकाचा सातबारा महाभूलेख या शासकीय संकेतस्थळावरून उतरवून सोबत जोडावा.

कांदळवनाबाबत आणखी एक आधार आहे आणि तो फार मजबूत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी अंतरिम आदेशाने आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकालाने राज्यभरातील कांदळवनाची तोड व त्यावरील भराव यांना मनाई केली, जमीन कोणाच्याही मालकीची असली तरी कांदळवनाभोवती ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला बंदी घातली आणि कांदळवनाचा नाश हा संविधानाच्या अनुच्छेद २१ ने दिलेल्या हक्काचा भंग ठरवला. २०१९ च्या अधिसूचनेत ५० मीटरचा पट्टा १,००० चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनापुरता आहे. या फरकाचा फायदा घेतला जातो, म्हणून तक्रारीत अधिसूचना आणि न्यायालयाचा निकाल या दोहोंचा उल्लेख अवश्य करावा.

दुसरी पायरी: पुरावा असा की जो पुढे टिकेल

छायाचित्र अक्षांश-रेखांश आणि वेळ नोंदवणाऱ्या कॅमेरा-ॲपने घ्यावे, आणि मूळ फाइल मोबाइलमध्ये तशीच ठेवावी. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीतील मूळ नोंदी गळून जातात. पुढे प्रकरण न्यायालयात गेलेच तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र मूळ उपकरणाच्या आधारे द्यावे लागते. चौकटीत एखादी स्थिर खूण असावी, जसे उच्चदाब विजेचा मनोरा, पुलाचा खांब किंवा उघाडी (भरतीचे पाणी अडवणारी बांधावरची झडप), म्हणजे अधिकारी जागेवर आल्यावर ‘नेमके ठिकाण आढळले नाही’ असा शेरा मारू शकणार नाही.

डंपर अडवण्याचा किंवा चालकाशी वाद घालण्याचा मोह टाळावा. हे काम करणारी माणसे एकटी नसतात. भराव चालू असतानाच ११२ वर कळवावे, कॉलची वेळ लिहून ठेवावी आणि वाहनाचा क्रमांक दुरून मिळाला तर तो पोलिसांना द्यावा. समाजमाध्यमांवर टाकू नये.

भराव नसून पाण्याचा रंग बदलला असेल, फेस आला असेल किंवा मासे मेले असतील तर वेळेचा हिशेब वेगळा असतो. ओहोटीबरोबर सांडपाणी पुढे वाहून जाते आणि पुढच्या भरतीत ते पसरते, त्यामुळे काही तासांनी आलेल्या अधिकाऱ्याला बहुधा काहीच सापडत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लगेच दूरध्वनी करावा आणि मागोमाग ईमेल पाठवावा. आपण स्वतः बाटलीत नमुना घेतला तर तो माहितीपुरताच उपयोगी पडतो, कारण जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २१ मधील पद्धतीने मंडळाच्या अधिकाऱ्याने घेतलेल्या नमुन्याचेच विश्लेषण कायदेशीर कार्यवाहीत ग्राह्य धरले जाते. म्हणून आपला आग्रह ‘नमुना घ्या’ यावर असावा, आणि तो घेतला की पंचनाम्याची प्रत मागावी. सांडपाण्याची मुखे ओहोटीला उघडी पडतात, तेव्हाच त्यांची जागा नोंदवून ठेवलेली बरी.

तिसरी पायरी: योग्य कार्यालय

कांदळवनावरील भराव किंवा तोड असेल तर मूळ अर्ज कांदळवन कक्षाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे एकाच वेळी द्यावा. वन विभागाचा हा स्वतंत्र कक्ष राज्याने २०१२ मध्ये स्थापन केला. जमीन राखीव वन म्हणून अधिसूचित झालेली असल्यास वनपरिक्षेत्र अधिकारी थेट गुन्हा नोंदवू शकतात; झालेली नसल्यास तहसीलदाराने पाऊल उचलावे लागते, आणि नेमके येथेच अर्ज अडकतात. दोघांना एकाच मजकुराची प्रत गेलेली असली की दुसऱ्याचे नाव पुढे करण्यात कोणाला काही मिळत नाही. तातडीची खबर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर देता येते. डेब्रिजचा प्रश्न असेल तर महापालिकेच्या विभाग कार्यालयालाही कळवावे. नवी मुंबईत यासाठी भरारी पथक आहे.

जागा ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत किंवा तिला लागून असेल तर तक्रारीचे वजन वाढते. सुमारे १७ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य २०१५ मध्ये अधिसूचित झाले, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीचा ६,५२१ हेक्टर परिसर रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २९ कडे फार कमी तक्रारदारांचे लक्ष जाते: अभयारण्यात येणारा किंवा त्याबाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह परवानगीशिवाय वळवणे, अडवणे किंवा वाढवणे यालाही त्यात मनाई आहे. भराव प्रत्यक्ष अभयारण्यात पडलेला नसला तरी त्याने भरतीचे पाणी अडले असेल तर हे कलम तक्रारीत घालावे. पाण्याची वाट बुजली की काय होते ते नेरूळच्या डीपीएस तलावाने २०२४ मध्ये दाखवले. भरतीचे पाणी येण्याचे मार्ग बंद झाल्याने तो तलाव कोरडा पडला आणि फ्लेमिंगोंना तेथून उठावे लागले. कांदळवन तोडणे सगळ्यांना दिसते, त्याची पाण्याची नस बांधणे कोणाला दिसत नाही, आणि माझ्या मते नुकसान दुसऱ्या प्रकारानेच अधिक होते.

येथे नवी मुंबईच्या धारण तलावांविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. या शहराचे बरेचसे भाग उधाणाच्या पातळीपेक्षा खाली आहेत, म्हणून सिडकोने पावसाचे पाणी साठवणारे तलाव आणि भरतीच्या वेळी आपोआप मिटणाऱ्या झडपा बांधल्या. झडपा नादुरुस्त झाल्या की खारे पाणी आत येते, गाळ साठतो आणि तलावातच कांदळवन वाढते. मग गाळ काढायलाही किनारा प्राधिकरणाची आणि उच्च न्यायालयाची परवानगी लागते. त्यामुळे धारण तलावातले प्रत्येक यंत्र बेकायदा नसते. तक्रारीआधी परवानगीची प्रत मागावी.

रेती उपसा हा ठाण्याचा जुना रोग आहे. हातपाटीने आणि डुबी मारून रेती काढणे ही पारंपरिक पद्धत. मुंब्रा, दिवा, भिवंडीच्या बाजूला रात्री चालणारे सक्शन पंप हा वेगळाच प्रकार आहे. त्याची तक्रार तहसीलदार आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या रेती गट शाखेकडे करावी. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि कलम ४८(८) खाली यंत्रसामग्री व वाहने जप्त करण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्यांना आहे. रेल्वे किंवा रस्त्याच्या पुलाजवळ उपसा चालू असेल तर पुलाच्या यंत्रणेला प्रत पाठवावी. अनुभव असा की त्या पत्रावर हालचाल लवकर होते.

भरती पोहोचत नाही तेथे, म्हणजे उल्हास नदीच्या वरच्या भागात, सीआरझेड संपते आणि जलसंपदा विभागाच्या पूररेषा सुरू होतात. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम किंवा भराव होत असेल तर पाटबंधारे विभागाचे कार्यकारी अभियंता आणि नियोजन प्राधिकरण या दोघांना लिहावे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस ज्या पाण्यात अडकली ते याच उल्हासचे पाणी होते. प्रवाहात अडथळा प्रत्यक्ष उभा असेल तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ खाली अर्ज करता येतो. सार्वजनिक वापराच्या नदीतून किंवा प्रवाहातून अडथळा हटवण्याचा सशर्त आदेश ते काढू शकतात. हा उपाय स्वस्त आणि जवळचा असूनही क्वचितच वापरला जातो.

बंदरांपुरते थोडक्यात: खाडीतील छोटी बंदरे, जेट्टी आणि प्रवासी जलवाहतूक महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, मुंबई बंदर आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर यांची आपापली प्राधिकरणे आहेत. उल्हास नदी, वसई खाडी आणि कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग ५३ ठरला आहे. तेलाचा तवंग दिसला तर तटरक्षक दलाच्या १५५४ क्रमांकावर कळवावे. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली तेव्हा तेल वाहत खाडीकाठच्या कांदळवनापर्यंत आले होते.

चौथी पायरी: अर्जाचा मजकूर

अर्ज एका पानाचा असावा, भावनेपेक्षा तपशिलाचा असावा, आणि शेवटी नेमकी मागणी असावी. नमुना असा:

‘मौजे ……, ता. ……, जि. ……, सर्व्हे क्र. ……, अक्षांश ……, रेखांश …… येथे दि. …… रोजी रात्री …… वाजता डेब्रिजचा भराव टाकण्यात आल्याचे आम्हांस प्रथम आढळले. सदर जागेत दि. …… रोजीच्या उधाणाच्या भरतीचे पाणी येत असल्याची छायाचित्रे, मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशाची प्रत व मागील वर्षाची उपग्रह प्रतिमा सोबत जोडली आहे. सदर कृत्य सीआरझेड अधिसूचना व मा. उच्च न्यायालयाचा दि. १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल यांचा भंग करणारे आहे. तरी (१) संयुक्त स्थळपाहणी करून पंचनामा करावा व आम्हांस उपस्थित राहण्याची सूचना द्यावी, (२) भराव थांबवून तो जबाबदार व्यक्तीच्या खर्चाने काढावा, (३) भरतीच्या पाण्याचा मार्ग पूर्ववत करावा, (४) गुन्हा नोंदवून केलेल्या कार्यवाहीचा लेखी अहवाल द्यावा.’

‘प्रथम आढळले’ हे शब्द आणि ती तारीख गाळू नये. मुदतीचा हिशेब पुढे तिच्यावरच होतो. अर्ज प्रत्यक्ष आवक विभागात देऊन पोचीचा शिक्का घ्यावा आणि तोच ‘आपले सरकार’ तक्रार प्रणालीवरही नोंदवावा. मच्छीमार सहकारी संस्थेने स्वतःच्या लेटरहेडवर सोबत पत्र दिले तर उत्तम, कारण चिंबोरी, निवटी, जिताडा असे खाडीतले खेकडे-मासे कोठून नाहीसे झाले हे ती माणसे सही करून सांगू शकतात आणि बाधित पक्ष म्हणून त्यांचा हक्क निर्विवाद असतो.

पाचवी पायरी: पाठपुरावा

पंधरा-वीस दिवसांत पाहणी झाली नाही तर स्मरणपत्रे लिहीत बसण्यापेक्षा माहिती अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. ‘कार्यवाही का केली नाही’ असा प्रश्न विचारू नये, त्याला उत्तर मिळत नाही. आपल्या अर्जावरील टिप्पणी पत्रके, स्थळपाहणी अहवाल, पंचनामा आणि इतर विभागांशी झालेला पत्रव्यवहार यांच्या प्रती मागाव्यात. अर्ज कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून होता ते या कागदांत तारखेनिशी सापडते.

त्याच्या बरोबरीने दोन ठिकाणी जावे. उच्च न्यायालयाच्या आदेशांनुसार कांदळवनासाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती आहे, आणि आयुक्तांचे कार्यालय बेलापूरच्या कोकण भवनातच असल्याने नवी मुंबईकरांना ते हाकेच्या अंतरावर आहे. दुसरी जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा किनारा समिती. तिच्यावर मच्छीमारांसह स्थानिक पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावे लागतात. आपल्या जिल्ह्यातील ते प्रतिनिधी कोण आहेत आणि समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे माहिती अधिकारात विचारण्याजोगे आहे.

हरित न्यायाधिकरणाकडे जायचे ठरले तर

पर्यावरणविषयक वाद चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. २०१० च्या कायद्याच्या कलम १४ खालील अर्ज वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, आणि पुरेसे कारण दाखवल्यास आणखी साठ दिवस मिळू शकतात. नुकसानभरपाई किंवा पर्यावरणाच्या पुनःस्थापनेसाठी कलम १५ खाली मुदत पाच वर्षांची आहे. कार्यालये आपापसांत पत्रे लिहीत असताना सहा महिने सहज सरतात आणि त्या पत्रव्यवहाराने मुदत थांबत नाही. म्हणून चौथ्या महिन्याच्या सुरुवातीलाच वकिलाला कागद दाखवावेत. जल अधिनियम, पर्यावरण अधिनियम, वनसंवर्धन अधिनियम, जैवविविधता अधिनियम यांखालील वाद न्यायाधिकरणापुढे चालतात. भारतीय वन अधिनियम, १९२७ आणि वन्यजीव अधिनियम, १९७२ त्याच्या यादीत नाहीत. यासाठी अर्जाची मांडणी सीआरझेडच्या भंगावर करावी आणि अभयारण्याचा मुद्दा आधार म्हणून ठेवावा. केवळ वन्यजीव कायद्यावर उभा केलेला अर्ज पहिल्याच दिवशी अधिकारक्षेत्राच्या आक्षेपात सापडतो.

आदेश आपल्या बाजूने झाला, जेसीबी आला आणि वरचा राडारोडा उचलला गेला, तरी फाइल बंद करण्यास संमती देऊ नये. डेब्रिजचा खालचा थर तसाच राहिला तर जमीन मूळ चिखलपट्ट्यापेक्षा उंच राहते, भरतीचे पाणी तेथवर चढत नाही आणि तिवराची रोपे लावली तरी ती जगत नाहीत. अनुपालन अहवालात जमिनीची पातळी आणि पाण्याच्या वाटेची रुंदी यांचा उल्लेख मागावा, त्यानंतरच्या पहिल्या उधाणाला पूर्वीच्याच जागी उभे राहून पुन्हा छायाचित्र घ्यावे, आणि पाणी पूर्वीच्या खुणेपर्यंत पोहोचले नसेल तर त्याच प्रकरणात अंमलबजावणीचा अर्ज दाखल करावा.